अठ्ठेचाळीस रोट

भिकन देवरे मास्टरला "लग्न का नाही केलं" असं कुणी विचारलं, की तो आधी विचारणाऱ्याला खुर्ची द्यायचा. खुर्ची एकच. मग स्वतःला उभं राहणं आलं, आणि उभ्याने दिलेल्या उत्तराचं आपोआपच भाषण होतं. "एक ताट, एक तांब्या, एक टॉवेल," मास्टर सुरू करायचा. "आणि पलंगावर मी तिरका झोपतो. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. लग्न झालेल्या माणसाने असं झोपून दाखवावं." विचारणारा बहुधा लग्न झालेलाच असे. तो पलंगाकडे बघत राहायचा, आणि त्याच्या डोळ्यांत असं काही दाटून यायचं की मास्टरला चहा टाकावा लागायचा.

वय सत्तेचाळीस. राहायला सुरतेत, कोसाडच्या सरकारी आवासात दुसऱ्या मजल्यावर, कामाला लिंबायतच्या एका लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात. मास्टर म्हणजे अडून बसलेली लूम अर्ध्या शिव्या आणि अर्धा पाना वापरून चालू करणारा. सुरतेतल्या खानदेशी समाजात तो आजवर एकशे तेरा लग्नं जेवला होता, आणि प्रत्येक नवरदेवाला आहेराचं पाकीट देताना कानात "अजून वेळ आहे" एवढंच म्हणाला होता. त्यातल्या एकाने ते मनावर घेतलं. तो मांडवातून निघाला तो तिसऱ्या दिवशी वापीला सापडला, मुंडावळ्यांसकट. तेव्हापासून मास्टरचा आहेर वधूपक्ष मधल्यामध्येच स्वीकारतो.

असा हा सुखी माणूस अडचणीत आला तो वहिनीच्या एका वाक्याने.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. देवरे भाऊबंदांची सुरतेत सहा घरं. पाच लिंबायतला आणि मास्टरचं एक कोसाडला. दरवर्षी एकेका घराची पाळी. ज्याची पाळी त्याच्या घरी देवी, आणि त्याच्याच घरी सगळ्यांचे रोट. रोट म्हणजे तशा पुरणाच्या जाड पोळ्याच, पण त्यांना पोळ्या म्हणून बघा, सात पिढ्यांच्या बायका खाली उतरून येतील. नियम असे, की त्यांच्यापुढे इन्कम टॅक्सवाले मवाळ वाटावेत. माणशी सव्वा मूठ गहू मोजायचे. रोट भाऊबंदांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्याच्या तोंडात कण जाता कामा नये. कुळातली कुंवार पोरगी खाऊ शकते. लग्न होऊन गेली की तीही परकी. खाल्लेल्या हाताचं पाणीसुद्धा वाटेल तिथे ओतायचं नाही.

पाळी ठरवायला भाऊबंद बसले, तेव्हा थोरला भाऊ राघो म्हणाला की यंदा भिकनची. त्यावर त्याची बायको शोभाबाई म्हणाली, "भाऊजींची पाळी मी करते ना, दरवेळेसारखी. बाई नाही त्या घरात देवी बसणार कुठे?"

बोलली ती मायेने. पण मायेने बोललेलं जेवढं लागतं तेवढं शिवी दिलेलं लागत नाही. मास्टर उठून उभा राहिला. "देवी माझ्या घरी बसेल वहिनी. आणि रोट मी करीन. एकटा."

भाऊबंदांचे अध्यक्ष सुपडूबाबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तपकिरीवर चालणारे. त्यांनी चष्म्यावरून मास्टरकडे बघितलं आणि म्हणाले, "करू द्या. बायको नाही तर निदान अक्कल तरी येई."

मग सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचा योगेंद्र रिक्षावाला म्हणाला, "मास्टर, कशाला मरता? आपल्या ओळखीचा फरसाणवाला वेढमी करतो, पुरणपोळीच ती, फर्स्ट क्लास. तीस नग सांगून टाकू?" कानबाईला गुजराती वेढमी. मास्टर दोन दिवस त्याच्या रिक्षात बसला नाही, बसने गेला. दुसऱ्या एकाने पुरण मिक्सरला फिरवायला सांगितलं, तिसऱ्याने डाळीत सोडा टाकायला. मास्टरने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पाटा-वरवंटा आणला.

चूक झाली ती मोजण्यात. भाऊबंद सत्तावीस, माणशी सव्वा मूठ, हिशोब बरोबर. पण मूठ कुणाची, हे कुठल्याच नियमात नाही, कारण आजवर ती शोभाबाईसारख्यांचीच असे. मास्टरची मूठ पाना धरून धरून अशी झालेली की तिच्यात पोपट झोपावा. रविवारी पहाटे चारला बसलेला मास्टर दुपारी उठला, तेव्हा समोर अठ्ठेचाळीस रोट होते. जाड, मऊ, तुपात न्हालेले. बरे झाले असते तर ही गोष्टच झाली नसती; ते फार चांगले झाले होते.

भाऊबंद चारला निघणार होते. तीनला लिंबायतची खाडी भरली. वरून आठ दिवस पाऊस ओतत होता, तिचाही इलाज नव्हता. साडेतीनला मोबाइलवर सुपडूबाबांचा आवाज आला.

"भिकन, आठे लिंबायतमा मांडीएवढं पानी. कोनी येत नाही आते. देवीचं तू कर. रोट तू खाय."

मास्टर म्हणाला, "बाबा, अठ्ठेचाळीस आहेत. मी एक आहे."

"तू भाऊबंद शेस ना? मग खाय. पौर्णिमा शनिवारले शे. आनि बाहेर कन जावाले नको."

मास्टरने देवी बसवली, आरती केली, सोमवारी योगेंद्रच्या रिक्षातून तिला तापीवर पोचवून आला. सगळं एकट्याने यथासांग झालं. फुगडीला दोघं लागतात, तेवढी राहिली.

आणि मग खाणं. रविवारी आठ, सोमवारी आठ, मंगळवारी सहा. मंगळवारी संध्याकाळी मास्टरला घामालासुद्धा वेलदोड्याचा वास यायला लागला. खाडीमुळे लूमखातं बंद, तरी कानात मशीनचा आवाज, तोही "पु-रण, पु-रण" असा. दर रोटामागे गॅलरीत वीस फेऱ्या असा नेम त्याने रविवारपासूनच घातला होता. बुधवारी संध्याकाळी फेऱ्या चालू असताना समोरचं दार उघडलं.

समोर रंजनाताई. मूळची परभणीकडची, चव्वेचाळीस वर्षांची, इच्छापोरच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर. आईबाप गेल्यावर दोन भावांना वाढवलं, त्यांची लग्नं केली, त्यांना वेगळं काढलं, आणि मग दार लावून निवांत बसली. सात वर्षांचा शेजार. बोलणं म्हणजे "पाणी आलं का" आणि "आलं". पहिल्याच दिवशी मास्टरने तिला ताई म्हणून टाकलं होतं. एकट्या पुरुषाला यापेक्षा स्वस्त विमा मिळत नाही.

"मास्टर, चार दिवस झाले बघायले मी," रंजनाताई म्हणाली. "पोट धरून गस्त घालायलात. काय झालंय?"

"काही नाही. अपचन."

ती आत जाऊन ओव्याचं पाणी घेऊन आली आणि सरळ मास्टरच्या घरात शिरली. टेबलावर डबा उघडाच होता. आता सगळा दोष इथे कुणाचा, हे नीट बघा. परभणीकडच्या बाईला कानबाई माहीत नाही, रोट माहीत नाहीत. समोर पुरणपोळी दिसली, तिने तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. इथवर अपघात. मास्टरने नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी कुळ वाचलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात ती म्हणाली:

"आई शप्पथ. हे पुरण कुणी केलं?"

"मी," मास्टर म्हणाला.

"खोटं."

"पाट्यावर वाटलंय."

"लई झकास झालंय हो. माझ्या आईचं असं व्हायचं. तिच्यानंतर आज."

सत्तेचाळीस वर्षांत मास्टरच्या स्वयंपाकाला कुणी बरं म्हटलं नव्हतं, कारण तो खायला दुसरं कुणी नव्हतंच. त्याच्या कानामागे काहीतरी गरम झालं. आणि सात पिढ्यांचा नियम ज्या जिभेवर होता तीच जीभ म्हणाली, "कोरडी कशाला खाता? थांबा, तूप घालतो."

ती चार खाऊन गेली. तीन दुसऱ्या दिवशीच्या डब्याला घेऊन गेली. तिच्यासमोर बसून मास्टरनेही सहा खाल्ले, आणि ओव्याचं पाणी तसंच राहिलं. खुर्ची एकच, म्हणून ती स्वतःची घेऊन आली होती. गुरुवारी पुन्हा आली, खुर्ची घेऊन. त्या दिवशी पॅकिंगच्या पोरींचे किस्से झाले, धाकट्या भावाच्या सासूची नक्कल झाली, आणि मास्टरने एका लूमला पटवायला तिला साडी नेसवावी लागल्याची गोष्ट सांगितली, ती तिने खरी मानली नाही पण दोनदा सांगायला लावली. उरलेले रोट संपले. शेवटचे दोन तिने डब्यासकट नेले, सकाळी खाईन म्हणाली. जाताना खुर्ची उचलून नेली.

दार लावून मास्टर वळला आणि खोलीत मधोमध खुर्चीएवढी मोकळी जागा दिसली. ती आधीही होतीच. फक्त आधी ती मोकळी नव्हती, नुसती जागा होती. मास्टर बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग पित्ताची गोळी घेतली.

शुक्रवारी सकाळी त्याने दोनदा दाढी केली. त्याला बाजारात नेताना योगेंद्र रिक्षात आरसा नीट करत म्हणाला, "मास्टर, आ पित्त नथी. आ बीजुं छे, दुसरंच काहीतरी." मास्टरने त्याला पुढे बघून चालवायला सांगितलं.

त्याच संध्याकाळी खाडी ओसरली आणि भाऊबंद आले. सगळे नाही, सात-आठच, पण शोभाबाई त्यांत होती, म्हणजे सगळे आल्यासारखेच. तिने आल्या आल्या फ्रिज उघडला.

"भाऊजी, रोट?"

"संपले."

"अठ्ठेचाळीस?"

"नियम म्हणजे नियम," मास्टर छाती काढून म्हणाला. राघोने धाकट्या भावाकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं. सुपडूबाबांनी तपकीर ओढून "शाब्बास" म्हटलं. आणि दारात रंजनाताई आली, घासून लखलखीत केलेला डबा घेऊन.

"मास्टर, तुमचा डबा. ते शेवटचे दोन सकाळी चहासोबत खाल्ले, बरं का. गार पण काय लागतात."

राघोने नजरेतला आदर परत घेतला. रंजनाताईने सगळ्यांचे चेहरे बघितले, डबा खाली ठेवला आणि परत गेली. बाई हुशार.

"भिकन," सुपडूबाबा म्हणाले, "खरं सांग. रोट कोन्ही खादात?"

मास्टरने सांगितलं. चौदा तिने खाल्ले. "बाटले," शोभाबाई म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. मग सभा भरली. कुणी म्हणे दुप्पट रोट करून परत घाला, कुणी म्हणे गावी जाऊन देवीची ओटी भरा. एकाने नियमात हॉटेलसारखं पार्सल बसतं का, असं विचारलं. त्याला पाणी आणायला पाठवलं. बराच खल झाल्यावर राघो, जो वर्षातून एकदा बोलतो, तो बोलला.

"तिले कुळात लिधं तर? म्हनजे लगन करी टाकं तर रोट आपलेच ना."

आता इथे नियतीने मास्टरसमोर ताट वाढून, वर तूप घालून ठेवलं होतं. नुसती मान हलवायची होती. पण माणूस वीस वर्षं एकच वाक्य बोलत आला, की ते वाक्य त्याला विचारून बाहेर पडत नाही. "लग्न?" मास्टर उभा राहून म्हणाला. "शक्य नाही."

लूमखात्यात पाव शतक काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. ते "शक्य नाही" तिसऱ्या मजल्यावरच्यांनी ऐकलं. समोरचं दार तर चार पावलांवर होतं.

"मग ऱ्हायनं," सुपडूबाबा म्हणाले, आणि डोळे मिटून बसले. ते डोळे मिटतात तेव्हा एकतर झोपतात, नाहीतर तोडगा काढतात. या वेळी दुर्दैवाने जागे होते. "बाई कुंवार शे ना?"

"हो," मास्टर म्हणाला.

"मग सोपं शे. सकाय राखीपौर्निमा. तिन्ही भिकनले राखी बांधी दी, ती व्हई गयी आपली बहीन. कुळनी कुंवार पोरगी. कुंवार पोरगीले रोट चालतस. पौर्निमाना आत सगळं नीट."

सगळ्यांनी माना डोलावल्या. असा निवाडा पंचक्रोशीत झाला नव्हता. शोभाबाई लगेच समोर जाऊन आली. "बरं म्हणाली. दहा वाजता येते."

"नुसतं बरं?" मास्टरने विचारलं.

"मग काय, नाचायला पाहिजे होतं?"

अशा रीतीने जो माणूस सात वर्षं एका बाईला ताई म्हणत होता आणि एका पैशाचा त्रास झाला नव्हता, तो सकाळी दहाला तिचा खरोखरचा भाऊ होणार होता. आणि ही आपल्यावर आलेली आपत्ती आहे, हे त्याला भाऊबंद मजेत गप्पा मारत जिना उतरत असताना पायाच्या अंगठ्यापासून कळलं. तिरकं झोपायचं ठरवलं तरी झोप आली नाही, सरळ झोपून बघितलं तरी आली नाही.

शनिवारी सकाळी सातला त्याने पंचांग उघडलं. भद्रा काळात राखी बांधत नाहीत; भद्रा दिवसभर असावी अशी त्याने उभ्या आयुष्यात कशाची केली नसेल तेवढी इच्छा केली. भद्रा पहाटेच संपली होती. त्याने दुसरं पंचांग मागून आणलं, त्यातही संपली होती. तिसरं गुजराती होतं. त्यात वेगळं काही निघेल म्हणून योगेंद्रकडे वाचायला नेलं.

"मास्टर, पंचांग बदलून नशीब नाही बदलत," योगेंद्र म्हणाला. "सरळ जाऊन सांगून टाका ना तिला."

"आणि ती नाही म्हणाली तर? समोरासमोर दारं आहेत. रोज पाणी आलं का विचारायचं कुणाला?"

योगेंद्रने जरा विचार केला. "मग हाताला पट्टी बांधा. पट्टीवर राखी नाही बांधत."

सल्ल्याची लायकी बघता माणसाने त्याच्याकडे दुर्लक्ष करावं. मास्टरने त्याच्याकडूनच उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळून घेतला.

दहाला भाऊबंद बसले. पाट मांडला. शोभाबाईने पट्टी बघितली.

"हे काय झालं?"

"लूममध्ये हात आला."

"काल तर खातं बंद होतं. खाडीचं पाणी होतं ना आत?"

मास्टर याला उत्तर शोधत असतानाच शोभाबाई म्हणाली, "असू दे, डाव्याला बांधू." मास्टरने डावा हात पाठीमागे घेतला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. कुळाचा एवढा मोठा प्रश्न, आणि हा आपला लहान पोर मळलेला हात लपवतो तसा पाटावर बसलेला.

रंजनाताई आली. हिरवी साडी, हातात ताट, ताटावर रुमाल. तिने कुणाकडे बघितलं नाही.

"भिकन, हात पुढे कर," सुपडूबाबा म्हणाले.

मास्टरने डावा हात आणखी मागे नेला.

"तुले सांगी ऱ्हायनू मी. डावा कर नाही तर उजवा कर. पन कर."

"मी नाही करणार," मास्टर म्हणाला. त्याला हे अगदी हळू बोलायचं होतं, पण वर सांगितल्याप्रमाणे त्याला ते येत नव्हतं. खालच्या मजल्यावर योगेंद्र जिन्यात येऊन उभा राहिला. "बाबा, मी दुप्पट रोट करतो. चौपट करतो. गावी चालत जातो. पण हे नाही." मग तो तिच्याकडे वळला, आणि सत्तेचाळीस वर्षं सांभाळलेली सगळी इभ्रत त्याने एका वाक्यात पाटाखाली टाकली. "रंजनाताई, मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"ताई," राघो पुटपुटला, आणि कपाळाला हात लावला.

रंजनाताईने ताट शोभाबाईच्या हातात दिलं. शोभाबाईने रुमाल काढला. आत कुंकू होतं, अक्षता होत्या, चार पेढे होते.

"राखी कुठंय?" शोभाबाईने विचारलं.

"आणलीच नाही," रंजना म्हणाली. "सांगायलाच आले होते. दोन भाऊ पोसलेत मी, ताई. त्यांची दहावी काढली, लग्नं काढली, भांडणं निस्तरली. तिसरा माझ्याच्यानं व्हायचा नाही. तुमच्या देवीची माफी मागते हवी तर, पण आता ह्या वयात भाऊ नको मला."

"मग काल बरं का म्हणालीस?"

"तुम्ही दारात उभ्या होतात. वाद कशाला घालू? आणि ह्यांचं 'शक्य नाही' तर भिंतीतून आलं होतं मला. म्हटलं, बघावं तरी सकाळी हात पुढे करतात का."

"ती सवय होती," मास्टर म्हणाला.

"कळलं ते. आणि ऐका, मी माझी खोली सोडणार नाही. इच्छापोरची नोकरी सोडणार नाही. दोन्ही दारं राहतील."

"राहू दे."

"आणि पुन्हा ताई म्हणालात तर खरंच राखी आणीन."

सगळे सुपडूबाबांकडे बघायला लागले. बाबांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, शिंक येईल म्हणून थांबले, ती आली नाही. "रोट आधी खादात, लगन मांगेतून," ते अखेर म्हणाले. "क्रम चुकना. कुळ नाही चुकनं. मंडळनी काही हरकत नाही." मग शोभाबाईकडे बघून त्यांनी पेढ्यासाठी हात पुढे केला. त्यावर शोभाबाई रडली की हसली, हे तिच्याकडे पदर असल्यामुळे कळलं नाही.

रंजना मात्र अजून मास्टरसमोरच उभी होती. तिने पट्टी गुंडाळलेल्या हाताकडे बघितलं.

"ते सोडा आधी. लोक म्हणतील, ठरल्या दिवशीच हात मोडला हिने."

मास्टरने गाठ सोडायला बघितलं, पण योगेंद्रने ती रिक्षाचं सामान बांधावं तशी बांधली होती. रंजना पाटाशी खाली बसली. आणि अर्धा तास अख्ख्या कुळाने सांगून जो पुढे आला नव्हता, तो हात मास्टरने मुकाट्याने पुढे केला.